भिंतीवरचं पीठ

निवडणूक हरल्यावर एखादा पक्ष आत्मपरीक्षण करायला बसतो, तेव्हा तो सगळ्यात आधी कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो, हे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? मी पाहिलंय. आमच्याच ओसरीवर, आमच्याच घरचा चहा पीत, माझ्या वडिलांच्या अध्यक्षतेखाली बसलेली ती सभा मी पाहिली. तेव्हापासून तो शब्द कानावर आला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आता वय झालं, डॉक्टर चिडू नका म्हणतात. मी डॉक्टरांचं बाकी सगळं ऐकते.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून बैलगाडीच्या अंतरावर. काळी जमीन, दोन ओढे, मारुतीचा पार आणि गावाच्या मधोमध अप्पासाहेबांची पिठाची चक्की. बाबा मध्यम शेतकरी होते, पण त्यांचं मन शेतापेक्षा पत्रकांत जास्त रमायचं. पक्षाच्या कामाला ते खामगावला जात आणि येताना छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे आणत. सुतळी कापली की घरभर शाईचा वास सुटे. त्या पत्रकांवर माझी बाराखडी पक्की झाली. शेजारच्या मुली ओव्या म्हणत त्या वयात मी ‘शोषण’, ‘मक्तेदारी’, ‘जागे व्हा’ असे शब्द पाठ म्हणत असे. फडताळात डब्यांखाली पत्रकं, बाबांच्या शिदोरीला पत्रकं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा पत्रकातच गुंडाळलेला. भाकरीला कधीकधी उलटी अक्षरं उमटत. माय म्हणे, “खा. पोटात जाईन तवा कुठं अक्कल येईन.”

मायला वाचता येत नव्हतं. पण पक्षाचं सगळ्यात अवघड काम तीच करत होती, हे मला फार उशिरा कळलं. छापील पत्रकं थोडी असत. भिंतीवर लावायचे मोठे कागद आम्हीच घरी करत असू. रद्दीतल्या वर्तमानपत्रावर गेरूने ठळक अक्षरं काढायची, ते काम माझं. मॅट्रिक झाल्यावर बाबांनी ते माझ्याकडे सोपवलं, कारण त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नसे. मजकूर पुष्कळदा माझाच असे. कागद चिकटवायची खळ मात्र मायची. ज्वारीच्या पिठाची खळ फुगते पण धरत नाही, भिंतीला गव्हाचीच लागते. आमच्या घरी गव्हाची पोळी सणासुदीला व्हायची. निवडणूक आली की ती भिंतीला रोज. माय चुलीवर लोखंडी कढई ठेवायची, पीठ पाण्यात कालवून घोटत बसायची आणि शेवटी त्यात मोरचूद टाकायची, कीड लागू नये आणि गावातल्या शेळ्यांनी आमची क्रांती खाऊ नये म्हणून. घोटता घोटता तिचं तोंड चालू असे. “भिंतीले पोळ्या, अन् पोट्टीले भाकर. चांगलं राज आणून राह्यले तुमी.” बाबा हसत. आम्ही सगळेच हसत असू. ती काय म्हणत होती तिकडे कोणाचं लक्ष होतं?

कागद लावायचं काम काशीनाथचं. काशीनाथ बौद्धवाड्यातला, खामगावला माझ्याच शाळेच्या शेजारच्या मुलांच्या शाळेत शिकलेला, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. त्याचे वडील नव्हते. आई अनसाबाई मजुरीला जायची. त्यांच्या वाड्याने बुद्धाची दीक्षा घेतली त्याला फार वर्षं झाली नव्हती. घरातले देव त्यांनी ओढ्यात सोडले होते आणि त्या रिकाम्या कोनाड्यात काशीनाथने पुस्तकं मांडली होती. बाबांच्या सभांना लोक जमवायला काशीनाथ, पेट्रोमॅक्स उचलायला काशीनाथ, बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून पत्रक खड्या आवाजात वाचायला काशीनाथ. ‘कार्यकर्ता’ हा शब्द बाबा त्याच्याकडे बोट दाखवून मला समजावत. खळीची बादली आणि केरसुणीचा कुंचा न्यायला तो मागच्या दारी आला की माय बादली उंबऱ्यावर ठेवायची आणि म्हणायची, “सांडू नको रे बाप्पा, गव्हाचं हाये.” तो म्हणे, “काकू, एक थेंब सांडला तर चाटून घेईन.” “चाट. मोरचूद हाये त्यात, सरळ बुद्धापाशीच जाशीन.” आणि दोघं हसत.

त्या वर्षीच्या निवडणुकीत गाव उभं चिरलं गेलं होतं. नवं राज्य झालं होतं आणि त्याचं दूध कोणाच्या भांड्यात पडणार यावर भावाभावांत बोलणं बंद होतं. एका ओसरीवर दोन झेंडे लागले की मधे बांबूच्या तट्ट्या बांधल्या जात. आमच्या पक्षाचे गावातले मोठे म्हणजे अप्पासाहेब. जमीन मोठी, चक्की त्यांची, शब्द त्यांचा. ते पक्षात का होते हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. सत्तेतल्या लोकांनी त्यांना विचारलं नव्हतं म्हणून होते, एवढं आता कळतं. मतदानाच्या आधी त्यांनी मारुतीच्या पारावर रोडग्यांचं जेवण घातलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले ते कणकेचे जाड गोळे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तुपाची धार. गोवऱ्यांचा धूर, पत्रावळींचा खडखडाट, उमेदवाराची जीप धुरळा उडवत आलेली, असा सगळा थाट होता. जेवणं आटोपल्यावर अप्पासाहेबांनी पितळी ताट पुढे आणलं. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. एकेका घराच्या कर्त्याने पुढे यायचं, बेलभंडारा उचलायचा आणि मारुतीसमोर म्हणायचं, आमचं मत अमुक चिन्हाला.

मी बायकांच्या बाजूला उभी होते. बाबांकडे पाहिलं. अंधश्रद्धेवरचं त्यांचं भाषण मला पाठ होतं. देवाच्या नावाने माणसाला बांधणाऱ्यांना त्या भाषणात दोरखंड विकणारे म्हटलेलं होतं. बाबांनी माझी नजर चुकवली आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “लोकाइच्या भाषेत बोलावं लागते कवा कवा.” लोक उठून उचलू लागले. बौद्धवाड्याची पाळी आली तेव्हा काशीनाथ उभा राहिला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, “अप्पासाहेब, आमी देव सोडले. शब्द मांगा, देतो. काम मांगा, करूनच राह्यलो. भंडारा नोका मांगू.” अप्पासाहेब मोठ्याने हसले. “राहू दे, राहू दे. तुमी तं आपलेच.” आणि ताट पुढे गेलं. ते हसणं मला आजही ऐकू येतं. काशीनाथचा नकार त्यांनी त्या हसण्याखाली जपून ठेवला होता, नंतर कामाला येईल म्हणून.

आम्ही हरलो. बातमी एसटीच्या कंडक्टरने आणली आणि गाडी सुटायच्या आत पलीकडच्या आळीत फटाके सुरू झाले. संध्याकाळी गुलालाची मिरवणूक निघाली. मी ओसरीच्या खांबाला टेकून पाहत होते. पारावर ज्यांनी बेल उचलला होता त्यांतली कितीतरी कपाळं लाल होती. अप्पासाहेबांचा सख्खा चुलतभाऊ लेझीम खेळत होता. गुलाल लागला म्हणजे त्याने मत तिकडेच दिलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. माणूस नाचाच्या मोहानेही मिरवणुकीत जातो. माझं म्हणणं एवढंच, की त्यांच्यापैकी एकालाही कोणी काही विचारलं नाही.

मग जिल्ह्यातून पत्रक आलं. पराभवाने खचून न जाता प्रत्येक गावशाखेने निर्भयपणे आत्मपरीक्षण करावे, असं त्यात होतं. मला ते पत्रक फार आवडलं. मी ते दोनदा वाचलं. आपण हरतो आणि आपल्याच चुका शोधायला बसतो, यापेक्षा मोठं काय असणार, असं मला वाटलं. सभा आमच्या ओसरीवर ठरली. दुपारची वेळ, सतरंजी, पानाचा डबा. मी टिपणं घ्यायला दाराशी बसले. काशीनाथ नेहमीप्रमाणे पायरीवर बसला. सतरंजीवर बसायला त्याला कोणी मनाई केली नव्हती आणि बोलावलंही नव्हतं. आत चुलीवर आधण ठेवून माय कान देऊन होती.

सुरुवातीला गंमतच झाली. एक जण म्हणाला, “उमेदवारानं जीपीतून उतरून हात नाही जोडले. खालून वाकलो आमी, अन् वरून मान हालवली त्यानं.” दुसरा म्हणाला, “रोडग्याले तूप कमी पडलं. म्या तवाच म्हटलं होतं.” “तुले कमी पडलं असन,” तिसरा म्हणाला, “तुह्या मिशीले अजून लागून हाये.” सगळे हसले. अप्पासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. “तुपाचं सोडा बे. आत्मपरीक्षण करून राह्यलो आपन. भंडारा कोनं उचलला नाही, ते बोला.”

सगळ्यांच्या माना पायरीकडे वळल्या. किती सहज वळल्या! जणू त्या आधीपासून तिकडेच वळायला बसल्या होत्या.

“आमी नाही उचलला,” काशीनाथ म्हणाला. “सांगून नाही उचलला.”

“मंग आता उचल. मत आपल्याले देल्लं असं म्हन, अन् गोष्ट खतम.”

“मत कोनाले देल्लं, हे मी माह्या मायलेबी सांगत नाही.”

“म्हंजे नाही देल्लं.”

“म्हंजे नाही सांगत.”

अप्पासाहेब बाबांकडे पाहून म्हणाले, “पाहा नारायणभाऊ, हे शिकवलं तुमी.” खरं तर ते वाक्य बाबांनी छातीवर लावून मिरवायला हवं होतं. बाबा सतरंजीच्या रेघा पाहत राहिले. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, “अप्पासाहेब, भंडारा उचलणाऱ्यांपैकी मिरवणुकीत लेझीम कोण खेळत होतं, तेही विचारता का?” कोणीतरी खोकलं. अप्पासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोट्टी लई शिकली.” आणि बाबा म्हणाले, “सुमे, चहा आन.”

चहा आण. माझ्या वडिलांनी आयुष्यात मला कधी शिवी दिली नाही, हात लावला नाही. तरी त्या दोन शब्दांइतकं मला काहीच लागलं नाही.

सभेने ठराव केला. बौद्धवाड्याने बेलभंडारा उचलून आपलं मत सांगावं. तोवर त्यांना हरभऱ्याच्या सोंगणीला बोलवायचं नाही आणि अप्पासाहेबांच्या चक्कीवर त्यांचं दळण घ्यायचं नाही. या ठरावाला त्यांनी नाव काय दिलं असेल? असहकार! ज्या शब्दाने इंग्रजाला हलवलं, तो शब्द यांनी मजुरी करणाऱ्या अनसाबाईच्या टोपलीवर टाकला. बाबा फक्त एवढं म्हणाले, की मतभेद असल्यास नोंदवावेत. कोणाचा मतभेद नव्हता. काशीनाथ तोवर उठून गेला होता, पायरीवर कोणी नव्हतं. मी लेखणी खाली ठेवली आणि तो ठराव लिहिला नाही. बाबांनी तो स्वतःच्या अक्षरात लिहिला. न लागणारं ते अक्षर त्या दिवशी बरंच झालं.

आमच्या चक्कीला तेलावर चालणारं इंजिन होतं. त्याच्या धुराच्या नळीवर डबा बसवलेला, त्यामुळे पुकपुक असा आवाज गावभर जायचा. गावाचं घड्याळ तेच. पुकपुक सुरू झाली की बायका टोपल्या घेऊन निघत आणि ओट्यावर ओळीने मांडून ठेवत. बौद्धवाड्याच्या बायकांची टोपली मात्र ओळीच्या बाहेर, शेवटी. कारण सांगायला सोपं होतं: जात्यात आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या पिठात उतरतं. त्यांचं आपल्यात यायला नको, म्हणून त्यांचं सगळ्यांनंतर. आमचं त्यांच्यात गेलेलं चालत असे. याबद्दल एकाही पत्रकात एक ओळ नव्हती, आणि चक्कीच्या भिंतीला तर आमचाच कागद लावलेला.

ठरावाच्या दुसऱ्या सकाळी मी आणि माय दळण घेऊन गेलो. अनसाबाई ओट्याखाली उभी होती. तिची टोपली शेवटीसुद्धा नव्हती. ती उचलून खाली मातीत ठेवलेली होती. इंजिन चालवणारे गफूरभाई चक्कीच्या दारात कपाळाला हात लावून बसले होते. “भाभी, मालिक का हुकूम है,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “मेरी नौकरी का सवाल है, मैं क्या करूँ?”

माय म्हणाली, “काऊन व अनसाबाई? काय झालं?”

“मतं नाही देल्ली म्हने आमी.”

“कोन पाह्यलं?”

अनसाबाई कडवट हसली. “मारोतीनं पाह्यलं असन.”

मायने ओळीतली स्वतःची टोपली उचलली, ओट्यावरून खाली उतरली आणि अनसाबाईच्या टोपलीच्या मागे मातीत ठेवली. “गफूरभाई, हिच्या मांगं माहा नंबर हाये. हिचं झालं की माहं घ्या.” आजच्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. पण ओट्यावरच्या बायकांना लगेच समजलं, की या बाईला त्यांचं पीठ आपल्या पिठात चालणार आहे. एकीने तोंडाला पदर लावला. एकीने पचकन थुंकून म्हटलं, “बुडवलं व घर.” आणि मग शेजारची गोदाकाकू, जी रोज मायशी सरपणावरून भांडायची, ती आपली टोपली घेऊन खाली आली आणि मायच्या मागे ठेवत म्हणाली, “तुह्या मांगं उभी राह्यली म्हनून काट्या माफ नाही केल्या हं तुले.” आणखी दोघीतिघी आल्या. बाकीच्या वर राहिल्या. सगळ्या आल्या असं मी लिहिणार नाही. पत्रकात लिहिलं असतं.

गफूरभाईंनी इंजिन बंद केलं आणि आवाज थांबला तसे अप्पासाहेबच बाहेर आले. “वयनी,” ते गोड आवाजात म्हणाले, “तुमी नारायणभाऊच्या घरच्या. तुमीच असं कराले लागल्या तं पक्षानं पाहावं कोनाकडं?”

माय त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती चक्कीच्या भिंतीकडे पाहत होती. तिथे गेरूच्या अक्षरांचा मोठा कागद होता, एक कोपराही न सुटलेला. “सुमे,” ती म्हणाली, “त्याच्यावर काय लिवलं व?”

तो मजकूर माझा होता. काशीनाथने लावला होता. मी वाचला: “तुमचे मत गुप्त आहे. ते कोणाला दिले हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाटलाला नाही, सावकाराला नाही, पक्षालाही नाही.”

“मोठ्यानं वाच. अनसाबाईले आयकू गेलं नाही.”

मी पुन्हा वाचलं.

“हे खरं का खोटं, अप्पासाहेब?” मायने विचारलं.

अप्पासाहेब हसले. पारावरचं तेच हसणं. “वयनी, ते निवडणुकीपुरतं असते.”

“असं हाये का?” माय म्हणाली. “मंग माहं पीठबी निवडणुकीपुरतंच होतं. वापस नेते.”

मला वाटलं ती टोपलीबद्दल बोलते आहे. ती घरी गेली आणि पाण्याची बादली, घमेलं आणि पोळ्या उलटायचं लोखंडी उलथणं घेऊन बाहेर पडली. पहिला कागद आमच्याच भिंतीवरचा. तिने त्यावर पाणी मारलं, थोडं थांबली, पापड काढावा तशी कड सोडवली आणि खरवडायला लागली. भिजलेली खळ कढईतल्या पिठल्यासारखी उलथण्यावर गोळा होत होती. प्रत्येक कागदासमोर ती मला विचारायची, “हे काय?” मी वाचायची. “कसणाऱ्याच्या हाती जमीन.” “अप्पासाहेबाच्या हातची सुटली का?” “नाही.” खरड. “सर्व माणसे समान.” “पायरीवर बसवता त्याइले.” खरड. मी आधी नुसती वाचत होते, मग दुसऱ्या बाजूने हातांनी ओढायला लागले. पोरंटोरं मागे लागली, शेळ्या मागे लागल्या, माय मोरचुदाच्या भीतीने शेळ्यांना हाकलत होती आणि पोरांना म्हणत होती, “पाहा रे, गव्हाचं हाये.” भर उन्हात, तोंडावर पदर न घेता, माझी आई साऱ्या गावाच्या भिंतींवरून आमचा पक्ष खरवडत चालली होती.

पारावर बाबा बसले होते. ते उठून आले. चेहरा काळवंडलेला. “काय करून राह्यली तू?”

मायने उलथणं घमेल्याच्या काठावर पुसलं. “तुमी सभा घेतली ना? मी भिंती घेतल्या.” मग आवाज खाली आणून, जणू ते फक्त त्यांच्यासाठी होतं, म्हणाली, “माहीच चुकी हाये. एवढं पीठ देल्लं, अन् कवा इचारलं नाही का याइच्यावर काय लिवता. आता इचारून राह्यली.”

ओसरीवरच्या त्या सभेत जे कोणी केलं नाही, ते पारासमोर उभं राहून तिने दोन-तीन वाक्यांत केलं. बाबा बाजूला झाले. त्यांनी तिला थांबवलं नाही, आणि उलथणंही धरलं नाही.

शेवटी आम्ही परत चक्कीशी आलो. तिथला कागद तेवढा राहिला होता. मी पाणी मारायला ओंजळ उचलली, तर मायने माझा हात धरला. “हे राहू दे. हे खरं हाये. याइले रोज दिसलं पाह्यजे.” तिने घमेलं उचललं आणि ओढ्याकाठी खड्डा करून ते पीठ पुरलं.

पुकपुक बरेच दिवस ऐकू आली नाही. आमच्या टोपल्या मातीतून हलेनात, म्हणून अप्पासाहेबांनी चक्कीच बंद ठेवली. गावानेच मायला वाकवावं असा त्यांचा हिशेब होता. गावाने शिव्या दिल्या, आम्हालाही आणि त्यांनाही. पहाटे घराघरांतून दगडी जात्यांची घरघर सुरू झाली, बौद्धवाड्यातून आणि आमच्या आळीतून एकसारखी. आमच्याकडे माय एकटीच ओढायची, मी हात लावायची. एका पहाटे बाबा येऊन जात्याच्या पलीकडे बसले आणि त्यांनी खुंटा धरला. त्यांना जमत नव्हतं. पीठ भरड पडत होतं. माय म्हणाली, “हळू. सभा नाही हे.” घरात ते दळत बसले, हे मी विसरलेली नाही. ओसरीवर ते बोलले नाहीत, हेही विसरलेली नाही. एकाने दुसरं फिटत नाही. त्यांनी नंतर जिल्ह्याला खरं आत्मपरीक्षण लिहून पाठवलं, बेलभंडाऱ्यासकट. त्याचं उत्तर आलं नाही आणि ते छापलंही गेलं नाही.

चक्की तत्त्वाने सुरू झाली नाही. अप्पासाहेबांच्या भावाकडे लग्न निघालं आणि लग्नाचे गहू जात्यावर कोण दळणार? एका सकाळी कोणी काही न सांगता पुकपुक सुरू झाली, आणि आम्ही टोपल्या पुन्हा तशाच मातीत मांडल्या. गफूरभाईंनी मातीतली पहिली टोपली उचलली. ती अनसाबाईची होती. मग मायची. मायने गरम पिठात हात घातला, वास घेतला आणि अनसाबाईला म्हणाली, “तुही ज्वारी चांगली व. कुठली?” बेलभंडारा शेवटपर्यंत कोणी उचलला नाही. माफीही कोणी मागितली नाही. भिंतीवरच्या त्या कागदावर अप्पासाहेबांनी चुना मारून घेतला, पण गेरू हट्टी. चुन्याखालून तांबूस अक्षरं दिसत राहिली.

काशीनाथ त्याआधीच अकोल्याला गेला. जाण्यापूर्वी तो मागच्या दारी कुंचा परत द्यायला आला. मी त्याला म्हणाले, आपण नवा पक्ष काढू, मी लिहीन. तो म्हणाला, “लिही. पन आंधी मायले वाचून दाखवत जा.” त्याने मत कोणाला दिलं होतं, हे मी विचारलं नाही. पुढे तो शिक्षक झाला, अनसाबाईला घेऊन गेला, आमची पत्रं चालू राहिली. त्याच्या अखेरच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हाही विचारलं नाही. आमच्या मैत्रीत मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर याचा.

तो पक्ष आता नावालाही उरला नाही. अप्पासाहेबांच्या चक्कीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तरी मी लिहिते हे लोकांना ठाऊक असल्याने प्रत्येक निकालानंतर मला कुठून ना कुठून फोन येतो. अमक्या वस्तीने आपल्याला मतं दिली नाहीत म्हणून त्यांचा नळ बंद, त्यांचा रस्ता रखडला, त्यांच्या पोरींना रोजंदारीवर घेत नाहीत. फोन करणारे शिकलेले असतात, हळहळतात, आणि वर म्हणतात, राजकारण आहे, चालायचंच. नाही, चालायचं नाही! चालतं, कारण ओट्यावरच्या बाकीच्या टोपल्या जागच्या हलत नाहीत.

म्हणून हे लिहिणं थांबवण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढचा निकाल लागेल तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कोणाचं तरी भांडं रांगेतून काढून खाली ठेवलं जाईल. त्यांनी मत कोणाला दिलं हे विचारू नका. भाषण करू नका, पत्रक काढू नका, माझ्यासारखं लिहीतही बसू नका. आपलं भांडं उचला, खाली उतरा आणि त्यांच्या मागे ठेवा. पुढे नाही, मागे. आणि त्यांचं भरल्याशिवाय आपलं भरू देऊ नका.